बिघडल्यावर फोन कुणाला लावायचा?

प्रति,
संचालक मंडळी,
मराठवाड्यातील शेतकरी उत्पादक कंपन्या

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी दहा-बारा कंपन्यांची एकत्र बैठक झाली, तिला मी हजर होतो. निमंत्रण नव्हतं. प्रोजेक्टर चालवायला माणूस हवा होता, म्हणून एका ओळखीच्यानं मला नेलं. पडद्यावर आधी एक चित्र आलं: मधोमध मोठा ठिपका, भोवती लहान ठिपके, सगळ्या रेघा मधल्या ठिपक्याकडं. पुढच्या चित्रात मधला ठिपका गायब आणि लहान ठिपके थेट एकमेकांना जोडलेले. सादर करणारे गृहस्थ म्हणाले, "हा जो मधला होता ना, तो आता गेला." टाळ्या पडल्या. पडणारच. अडत, तोलाई, कटती, 'माल ओला आहे' म्हणून क्विंटलमागं कापलेले दोन किलो, हे सगळं भोगलेल्या माणसांना मधला ठिपका पुसून दाखवला की टाळी आपसूक वाजते. मीही वाजवली असती, पण हातात रिमोट होता.

मग मागच्या रांगेतून एक म्हातारे उठले. "सायेब, ह्याचा मालक कोन?"

"काका, मालक कुणीच नाही. तुम्ही सगळेच मालक."

म्हातारे बसले नाहीत. "मंग बिघडल्यावर फोन कुनाला लावायचा?"

लोक हसले, चहा आला, विषय तिथंच राहिला. त्या दिवशी सभागृहात कामाचा प्रश्न तेवढा एकच विचारला गेला असं माझं मत आहे. तुमच्यापैकी काही कंपन्या दिवाळीनंतर त्या 'विकेंद्रित', म्हणजे मधला ठिपका नसलेल्या, प्रणालीच्या करारावर सही करणार आहेत असं ऐकतो. म्हणून हे पत्र.

मी अंबाजोगाईचा. पोटासाठी प्रोग्रामिंग करतो. विकेंद्रित प्रणालींशी माझं वैर नाही. मी तशी एक, गोदामांच्या साठ्याची नोंदवही, बांधली, दोन हंगाम चालवली आणि स्वतःच्या हातानं बुडवली. त्या बुडालेल्या नोंदवहीचा हिशोब तुमच्यापुढं ठेवतो, म्हणजे तेच पैसे तुम्हाला पुन्हा मोजावे लागणार नाहीत.

त्या दुसऱ्या चित्राला पीअर-टू-पीअर म्हणतात. ते म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला पडदा लागत नाही. आपल्याकडं त्याला सावड म्हणतात. माझ्या आजोबांचा एक बैल, शेजाऱ्याचा एक बैल, दोघांचं मिळून औत. आज तुझं रान, उद्या माझं. मध्ये ठेकेदार नाही, भाडं नाही, चिठ्ठी नाही. इर्जिकीला तर अख्खी आळी औतं घेऊन एकाच्या रानात उतरायची आणि संध्याकाळी त्याच्याच ओट्यावर जेवायची. संगणकाचंही तेच. एरवी आपला फोन दूरच्या सर्व्हरकडं, म्हणजे कायम चालू असलेल्या मधल्या यंत्राकडं, मागतो आणि सर्व्हर देतो. पीअर-टू-पीअरमध्ये फोन फोनाकडंच मागतो, आणि जो मागतो त्यानंच दुसऱ्याला द्यायचंही असतं.

सावड चालायची कशाच्या जोरावर, हे मात्र आपण विसरतो. आजोबांना शेजाऱ्याच्या तीन पिढ्या ठाऊक होत्या. स्वतःची पाळी घेऊन दुसऱ्याच्या पाळीला 'बैल लंगडतोय' म्हणणाऱ्याला पुढच्या मृगाला जोडीदार मिळत नसे. तंटा झाला तर पारावर निकाल लागायचा. हे सगळं गावात फुकट मिळत होतं, म्हणून त्याची किंमत कुणी धरली नाही. नेटवर समोरचा कोण, तो जागा आहे का, मागच्या खेपेला त्यानं दिलं की नुसतं घेतलं, हे एकेक यंत्राला शिकवावं लागतं. अडत्या लुटतो हे खरं, पण तो माल बघतो, गिऱ्हाईक ओळखतो, पैसे थकले तर तगादा लावतो, रात्री अकराला फोन उचलतो. त्याला काढलं की ही कामं हवेत विरत नाहीत, आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर वाटून येतात. वाटणी कशी झाली ते करारात लिहिलेलं नसेल, तर ती झालेलीच नाही असं समजा.

जगानं हे पंचवीस वर्षं करून पाहिलंय. १९९९ साली एकमेकांकडून गाणी घ्यायचं नॅप्स्टर आलं. गाणी लोकांच्या संगणकांवर, पण कुणाकडं कोणतं गाणं आहे त्याची यादी कंपनीच्या यंत्रावर. कोर्टात खटला गेला, २००१ मध्ये ती यादी बंद करावी लागली आणि सोबत सगळंच बंद पडलं. दरम्यान २००० मध्ये नुटेला नावाच्या प्रणालीनं यादीच काढून टाकली होती. मग शोधायचं कसं? शेजाऱ्याला हाक मारायची, त्यानं त्याच्या शेजाऱ्यांना, असं सात घरांपर्यंत. गावात पोरगं हरवलं तर ही रीत उत्तम. रोज सगळेच सगळ्यांना हाका मारायला लागले की कुणालाच काही ऐकू येत नाही. झालंही तसंच: नॅप्स्टरवरची गर्दी तिकडं वळली आणि टेलिफोनच्या तारेवर मोडेम लावून संथ चालणारी यंत्रं दुसऱ्यांच्या हाका पुढं पोचवता पोचवताच गुदमरली.

त्याच वर्षी झेरॉक्सच्या दोन संशोधकांनी नुटेलावर कोण किती देतो ते मोजलं. सुमारे ७० टक्के लोक काहीच देत नव्हते, नुसते घेत होते. वरच्या १ टक्का यंत्रांकडून जवळजवळ निम्मी उत्तरं येत होती. म्हणजे मधला ठिपका पुसला, तरी थोड्याच ठिपक्यांच्या पाठीवर सगळा भार. कागदावर सगळे सारखे, कामाला चौघंच. तुमच्या संचालक मंडळात असं नसेल, माझ्या आळीत आहे.

यावर चांगला उतारा शोधला तो ब्रॅम कोहेन यांनी, २००१ मध्ये, बिटटोरंट या फायली वाटून घ्यायच्या प्रणालीत. जो देतो त्याला द्यायचं. दर १० सेकंदांनी बघायचं की आपल्याला सध्या कोण जास्त देतंय, आणि त्यांना आपल्याकडचे तुकडे पाठवायचे. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे: दर ३० सेकंदांनी एका कुणाला तरी, त्यानं काही दिलेलं नसलं तरी, दार उघडायचं. नाहीतर नवख्याकडं द्यायला काहीच नसतं आणि त्याला कधीच काही मिळत नाही. नुकताच वेगळा निघालेला भाऊ, एकच बैल, त्याला पहिली पाळी द्यायची रीत आपल्याकडं होती. कोहेनना ती ठाऊक असण्याचं कारण नाही, पण मुक्कामाला दोघं एकाच ठिकाणी आले.

आता आमच्या नोंदवहीकडं येतो.

आमचा गट २३ गावांचा. सोयाबीन, तूर, हरभरा. प्रत्येक गावात एक छोटं गोदाम आणि एक गोदामवाला. किती पोती आली, ओलावा किती, कुणाची, कुठं गेली, याची नोंद आधी भाड्याच्या सर्व्हरवर होती. वर्गणी ज्या बँक कार्डातून कापली जायची ते बदललं, आलेली सूचना कुणी वाचली नाही आणि एका सकाळी वही गायब. चूक आमचीच. पण त्या रागाच्या भरात मी २०२२ मध्ये ठरवलं की मध्ये सर्व्हर नकोच. प्रत्येक गोदामवाल्याच्या फोनवर पूर्ण वही, आणि फोन आपापसात ताळा जुळवतील. खोलीत टेबलावर आठ फोन मांडून दाखवलं तेव्हा पाण्यासारखं चाललं. आठही फोन एकाच वाय-फायवर होते, हे मी कुणाला सांगितलं नाही. मलाच त्याचं महत्त्व कळलं नव्हतं.

फोन आपापल्या गावी गेले आणि मुके झाले.

कारण साधं आहे आणि ते कुणीच पडद्यावर दाखवत नाही. नेटवरचा जुना पत्ता, आयपीव्ही४, हे एकूण ४२९ कोटी पत्ते. जगाच्या मुख्य कोठारातला शेवटचा साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. मग मोबाईल कंपन्यांनी वाड्याची युक्ती वापरली: एक पोस्टाचा पत्ता, आत हजार खोल्या. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये पत्ता १० नं सुरू होत असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर तो वाड्याच्या आतला खोली क्रमांक आहे. आतून बाहेर कुणालाही पत्र टाकता येतं, उत्तरही येतं. बाहेरच्याला मात्र तुम्हाला आपणहून पत्र टाकता येत नाही, कारण दारावरच्या देवडीवाल्याला कळत नाही ते कोणत्या खोलीत द्यायचं. रेणापूरचा फोन एका वाड्यात, वसमतचा दुसऱ्या. दोघंही आतून बाहेर बघतायत, हाक कुणाचीच कुणाला जात नाही.

यावर तोड आहे. दोघांनी एकाच वेळी आतून एकमेकांच्या दिशेनं पत्र टाकायचं. दोन्ही देवडीवाल्यांना वाटतं की समोरून आलेलं पत्र हे आपल्याच माणसाच्या पत्राचं उत्तर आहे, आणि ते आत सोडतात. या धंद्यात त्याला होल पंचिंग म्हणतात, भोक पाडणं. पण 'आता टाका' हे दोघांना सांगणार कोण? तिसरा. उघड्या पत्त्यावर, कायम जागा असलेला. काही देवडीवाले इतके कडक की पत्र नव्या पत्त्यावर निघालं की दर वेळी त्याच खोलीला बाहेर दाखवायचा नवा क्रमांक देतात. तिथं भोकही पडत नाही आणि सगळा माल त्या तिसऱ्याच्याच खांद्यावरून न्यावा लागतो. मधला ठिपका पुसायला निघालेला मी, तिसऱ्या आठवड्यात गुपचूप एक मधला ठिपका भाड्यानं घेऊन बसलो. दर महिन्याला पैसे भरत होतो आणि सभेत 'आपल्याला सर्व्हर नाही' असं छाती काढून सांगत होतो.

आयपीव्ही६, म्हणजे नवा लांबलचक पत्ता, आला की हे सुटेल असं तुम्हाला सांगतील. पत्त्यांची टंचाई सुटते, आपल्याकडं मोबाईलवर तो बराच पसरलाही आहे. पण घराला पत्ता असणं वेगळं आणि दार उघडं असणं वेगळं. फायरवॉल, म्हणजे आगंतुकाला अडवणारा पहारा, मध्ये असतेच, आणि ती असावीही.

बाकी मोठमोठ्यांचीही यातून सुटका नाही. बिटकॉइन या नेटवरच्या चलनाचं सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर पहिल्यांदा सुरू झालं की त्याला जगात कुणाचाच पत्ता ठाऊक नसतो. म्हणून काही ठरावीक नावं त्या सॉफ्टवेअरमध्येच लिहून ठेवलेली असतात, त्यांना विचारून ते पहिला शेजारी गाठतं. गावात नवीन आलेला माणूस आधी एसटी स्टँडवरच्या टपरीवर विचारतो, तसं. टपरी कुणाची, हे विचारायला काय हरकत आहे?

पत्त्याचं निभावलं तर पुढं झोप. फोन हा सर्व्हर नाही. अँड्रॉइडनं २०१५ पासून बॅटरी वाचवायला न वापरता पडून असलेल्या फोनला डुलकी घ्यायला लावलंय. आमचं ॲप त्या डुलकीत मरायचं. त्यात शेतीच्या फिडरला रात्रीची पाळी असली की गोदामवाला रात्रभर मोटारीवर, फोनची बॅटरी पहाटे चारला संपलेली. २३ फोनांपैकी एका वेळी जागे किती? मी महिनाभर मोजले. बहुतेक वेळा पाच ते नऊ.

आणि मग एका नातवाच्या आजोबांचा फोन.

एका गावच्या गोदामाचा साठा रोज सकाळी शून्य दिसायला लागला. गोदामवाला पोती मोजून ११२ लिहायचा, संध्याकाळपर्यंत पुन्हा शून्य. मला वाटलं कुणीतरी मुद्दाम खोडतंय. गावात जाऊन बसलो. त्या गोदामवाल्याच्या वडिलांच्या फोनवरही आमची वही होती, राखीव प्रत म्हणून. चौथीतला नातू त्या फोनवर खेळ खेळायचा. खेळात 'लाईफ' संपल्या की नव्या मिळायला थांबावं लागतं. पोरानं फोनची तारीखच चार महिने पुढं सरकवली होती. "कामून केलंस रं?" तर म्हणे, "लगेच भरत्यात लाईफ." आमच्या वहीचा नियम असा होता की दोन नोंदी भांडल्या तर जिची वेळ नंतरची ती खरी. पुढच्या मार्चमधून आलेली नोंद नोव्हेंबरातल्या खऱ्या मोजणीला रोज हरवत होती. माल भरायच्या आधी त्या फोनवर एकदा शून्य लिहिलं गेलं होतं, तेच जिंकत राहिलं.

हसू येतं, पण ही या विषयातली मूळ अडचण आहे. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या यंत्रांत 'आधी काय, नंतर काय' हे घड्याळाच्या भरवशावर ठरवू नये. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीमुळं घडली त्याचा माग ठेवावा. मी तो लेख कॉलेजात परीक्षेपुरता वाचला होता. चौथीतल्या पोरानं तो मला नीट शिकवला.

त्यानंतर ऑक्टोबर २०२३ चा शेवट. आरक्षणाच्या आंदोलनात बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, नेट बंद झालं. खरं तर विकेंद्रित वहीचा हाच दिवस होता. चाललीही, कौतुक केलं पाहिजे: प्रत्येक गावात वाय-फायवर नोंदी होत राहिल्या, कुणाचं काम अडलं नाही. साध्या फोनकॉलवर व्यवहारही झाले. नेट आल्यावर फोनांनी ताळा जुळवायला घेतला तेव्हा कळलं की ४० क्विंटल सोयाबीनचा एकच ढीग दोन गावांतून दोन व्यापाऱ्यांना विकला गेलाय. गोदाम सामायिक होतं, दोन्ही फोनांवर साठा दिसत होता, दोघांनी प्रामाणिकपणे विकला. कोणती नोंद खरी? दोन्ही. वहीला चूक सापडेना, कारण चूक नव्हतीच. शेवटी एका व्यापाऱ्याचे पाय धरले आणि दुसऱ्याला बाजारातून महाग घेऊन माल दिला. ते पैसे कुणी भरले हे पत्रात लिहीत नाही, घरी वाचलं जाईल.

हे सॉफ्टवेअर कच्चं होतं म्हणून झालं नाही. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलं आणि २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी गणितानं सिद्ध केलं: यंत्रांमधली तार तुटली की दोहोंपैकी एकच निवडता येतं. काम चालू ठेवा आणि वह्या फुटण्याचा धोका घ्या, किंवा वही एक ठेवा आणि तार जोडेपर्यंत काही व्यवहार थांबवा. दोन्ही देतो म्हणणारा विक्रेता या सिद्धतेच्या वरचढ निघाला असेल तर त्याचा सत्कार करू; तोवर करारात विचारा की तार तुटल्यावर तुमची प्रणाली यातलं काय निवडते. पावसाची नोंद असेल तर चालू ठेवा, दोन आकडे नंतर जुळवता येतात. विकलेलं पोतं नंतर जुळवता येत नाही.

आता ब्लॉकचेन, म्हणजे प्रत अनेकांकडं असलेली आणि पानं साखळीसारखी एकमेकांत अडकवलेली वही. बैठकीत हा शब्द मी मोजून सतरा वेळा ऐकला.

अनोळखी लोकांच्या वहीत मतानं निर्णय घ्यायचा तर मोठी भीती बोगस सभासदांची. सोसायटीच्या निवडणुकीआधी सभासद कसे वाढतात हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टमधले जॉन डौसर यांनी २००२ मध्ये दाखवलं की ओळख तपासणारी कुणी एक मधली संस्था नसेल, तर एकाच माणसाला शंभर तोंडं घेऊन येण्यापासून व्यवहारात रोखता येत नाही. आमच्याच गटात भाव ठरवायला फोनवर मत घेतलं, तर एका हुशार भाऊंनी सात सिमवरून सात मतं दिली आणि वर मला बिनचूक चालतंय म्हणून शाबासकी दिली.

बिटकॉइननं २००९ मध्ये यावर वेगळा मार्ग काढला: तोंडं मोजायचीच नाहीत, खर्च केलेली वीज मोजायची. शंभर नावं घेता येतात, शंभरपट वीज फुकट आणता येत नाही. युक्ती खरोखर बुद्धीची आहे. पण किंमत बघा. दर १० मिनिटांनी एक पान, सेकंदाला साताच्या आसपास व्यवहार, आणि त्यासाठी देशादेशांएवढी वीज. एवढं करूनही २०१४ च्या जूनमध्ये एकाच पूलकडं, म्हणजे एकत्र येऊन खाणकाम करणाऱ्या एका गटाकडं, निम्म्याहून जास्त ताकद काही काळ गोळा झाली होती. नियमानं सगळे सुटे, सवयीनं एकाच फडात.

तुम्हाला तेवढी वीज जाळायची नाही, म्हणून विक्रेता म्हणतो 'खाजगी ब्लॉकचेन'. म्हणजे ठरलेल्या पाच-सात यंत्रांनी मिळून वही चालवायची. मग मला एवढंच सांगा, ती पाच-सात यंत्रं कुणाच्या खोलीत? बैठकीनंतर मी त्या गृहस्थांना विचारलं. पाचही त्यांच्याच भाड्याच्या सर्व्हरवर होती. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीज यांचा १९८२ चा हिशोब सांगतो की एक लबाड पचवायला किमान चार जण लागतात, दोन पचवायला सात. चौघंही एकाच मालकाचे असतील तर तो हिशोब कशाला मांडायचा? त्याला साधी वही म्हणावं आणि साध्या वहीचे पैसे द्यावेत.

वर आणखी एक. साखळीत लिहिलेलं खोडता येत नाही हे खरं. पण लिहितानाच कुणी ओलावा १७ चा १२ केला, तर तो खोटा १२ आता कायमचा अमर. मापकाशी उभा राहणारा माणूस साखळीत येत नाही. आणि उद्या सभासद म्हणाला, माझ्या उसनवारीची नोंद काढून टाका, तर? माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात तसं मागण्याचा हक्क लिहिलेला आहे. २३ फोनांवर पसरलेली नोंद मला आजतागायत पूर्ण पुसता आलेली नाही. तीन फोन विकले गेले, एक विहिरीत पडलाय.

एकसारखेपणाचा धोका तर तुम्हाला रानात दिसतो. सगळीकडं एकाच वाणाचं सोयाबीन असलं आणि पिवळा मोझॅक आला की बांधाला बांध लागून सगळं पिवळं पडतं. स्काइप २००३ मध्ये असंच लोकांच्या संगणकांच्या जोरावर उभं राहिलं होतं. ऑगस्ट २००७ मध्ये विंडोजच्या अपडेटनंतर असंख्य संगणक एकदम बंद होऊन चालू झाले, सगळे एकाच वेळी आत यायला धावले, आणि सॉफ्टवेअरमधला एक दोष उघडा पडून दोनेक दिवस फोनच लागेना. ठिपके लाखो, पण वाण एकच होतं. पुढं मायक्रोसॉफ्टनं स्काइप घेतलं आणि २०१२ पर्यंत भार उचलणारी मुख्य यंत्रं आपल्या खोलीत आणून ठेवली.

तर मग काय करायचं, सगळं पुन्हा एका सर्व्हरवर नेऊन त्याच्या बिलाची वाट बघायची? तसं मी म्हणत नाही. आमची वही बुडाल्यावर जे उरलं ते गेले दोन हंगाम चालतंय, ते सांगतो. दिसायला ते फार भारी नाही.

प्रत्येक गोदामाचा साठा लिहायचा हक्क एकाच फोनला, त्या गोदामवाल्याच्या. बाकीच्यांकडं नुसती प्रत. लिहिणारा एकच असला की नोंदींचं भांडणच होत नाही, घड्याळ काहीही म्हणो. माल विकायचा तर त्या फोनचा होकार हवा. नेट बंद असेल तर फोन करून विचारा, नाहीतर विक्री थांबते. सामायिक गोदामाचा लिहिणारा चिठ्ठी टाकून ठरवला. मधे एक छोटं यंत्र आहे, उघड उघड आहे, त्याचं बिल ताळेबंदात दिसतं. ते बंद पडलं तर गावाचं काम थांबत नाही, फक्त गावागावांतला ताळा लांबतो. गिट नावाचं साधन प्रोग्रामर लोक २००५ पासून असंच वापरतात: पूर्ण प्रत प्रत्येकाकडं, भेटायला मात्र ठरलेला एक पार.

आणि ब्लॉकचेनमधला जो एक दाणा खरा आहे तो आम्ही उपटून घेतला. रोज संध्याकाळी वहीचा ठसा निघतो, हॅश म्हणतात त्याला. वहीत एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. आजच्या ठशात कालचा ठसा मिसळलेला असतो, त्यामुळं मागचं पान कुणी बदललं तर पुढचे सगळे ठसे विसंगत होतात. त्या ठशाची पहिली आठ अक्षरं गटाच्या व्हॉट्सॲपवर जातात आणि गोदामाच्या फळ्यावर खडूनं लिहिली जातात. खर्च खडूचा. मी, सचिव आणि गोदामवाला तिघं मिळूनही मागच्या मंगळवारचा आकडा आता गुपचूप सहजासहजी बदलू शकत नाही, कारण ती आठ अक्षरं शेपन्नास फोनांत पडलेली आहेत.

याशिवाय महिना ठरलेल्या पगारावर अर्धवेळ एक मुलगी आहे, बी.एस्सी. झालेली, लातूरला राहते. फोन तिला लावायचा. आमच्या प्रणालीतला सगळ्यात महागडा आणि सगळ्यात उपयोगी भाग तीच.

सही करण्याआधी माझी विनंती एवढीच आहे. विक्रेत्याला सांगा, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घाला, एक फोन वसमतला ठेवा, एक रेणापूरला, आणि तुमच्या ऑफिसातली, भाड्याची, सगळी यंत्रं तासभर बंद करून ते दोन फोन आपापसात बोलतात का दाखवा. बोलले तर मी खोटा ठरलो, आनंदानं ठरेन. नाही बोलले तर मधला ठिपका कुठं लपवलाय ते तुम्हाला कळेल, मग त्याचा मालक कोण, भाडं किती आणि तो उद्या उठून गेला तर वही कुणाच्या हातात, हे लेखी मागता येईल. मग एका फोनची तारीख चार महिने पुढं करा. मग एकाच माणसाला पाच सिमं देऊन मत द्यायला लावा. दुपारभराचं काम आहे.

चाचणी ठेवणार असाल तर दसरा ते दिवाळीच्या मधे ठेवा. नंतर हरभऱ्याच्या पेरणीत गोदामवाले हाताला लागणार नाहीत. वसमतच्या बाजूला मी स्वतः फोन घेऊन बसतो. त्या नातवाच्या आजोबांचा फोनही आणतो, त्यांनी कबूल केलंय. नातू पण येणार म्हणतोय, त्याची शाळा बुडेल तेवढं बघावं लागेल.

आपला,
एक वही बुडवलेला प्रोग्रामर
अंबाजोगाई